दिवा बदलून पाहिला

प्रिय भिंगरी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, तेव्हा आधी मनातल्या मनात माझा कान पिळ आणि मग पुढे वाच. तू विचारलं होतंस अगदी साधं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढायचे, तर पिशवीत मावेल असा कोणता दिवा घ्यावा? फ्लॅश उडाला की आजोबा दचकतात, आजीबाई डोळे मिटतात आणि सगळा अल्बम झोपलेल्यांचा होतो, हे वाचून मी एकटीच हसत बसले होते. ह्यांनी पेपरामागून विचारलं, काय झालं म्हणून. म्हटलं, भिंगरीला दिवा हवाय. तर म्हणाले, "तिला कशाला दिवा? ती स्वतःच पेटती मशाल आहे." तुझ्याबद्दलचं ह्यांचं मत इतक्या वर्षांत तसूभरही बदललेलं नाही. पण तुझ्या त्या साध्या प्रश्नापायी मी दुकानात गेले, दोन दिवे घरी आणले, आणि आता अशी अवस्था आहे की आरशापासून मला हलवत नाही. भिंगरी, मी फार घाबरले आहे. तू म्हणशील, त्यात नवीन ते काय! हॉस्टेलात मला भित्री भागूबाई पहिल्यांदा तूच म्हणालीस, आणि मग एकदा हजेरी घेताना सिस्टरच्या तोंडूनही 'भागूबाई' निघून गेलं आणि सगळा वर्ग खिदळला. पण ती भीती पालीची होती, अंधाऱ्या जिन्याची होती, गणिताच्या पेपराची होती. ही माझ्या डाव्या डोळ्यात येऊन बसली आहे.

आधी तुझ्या दिव्यांचं सांगते. ते सांगताना मन जरा थाऱ्यावर येतं. तू व्हिडिओवाल्यांसाठी केलेले ते छोटे एलईडी दिवेच घे. फ्लॅश हा दारातून निरोप सांगून पळणारा माणूस, आणि हा बैठक मारून बसणारा पाहुणा. तो सतत जळत असतो, त्यामुळे नाकाची सावली ओठावर येतेय का, कपाळ चमकतंय का, चष्म्याच्या काचेत दिवा दिसतोय का, हे सगळं फोटो काढायच्या आधीच दिसतं. आपल्या वयाला ते बरं. मात्र त्याची ताकद फ्लॅशच्या मानाने अगदीच बेताची असते. अंगणात, उन्हात त्याचा काही उपयोग नाही, सूर्यापुढे काजवा. घरात वापर, माणसाच्या जवळ आण, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेव आणि आजोबांना खुर्चीत पाठ टेकून बसव, नाहीतर ते हलतील आणि तू माझ्या नावाने बोटं मोडशील. रंगाच्या बाबतीत फसू नकोस. स्वस्त दिव्याखाली माणूस शेवाळं चढल्यासारखा हिरवट दिसतो. खोक्यावर रंगाच्या खरेपणाचा आकडा असतो, तो शंभराच्या जितका जवळ तितका चांगला. पण आकड्यापेक्षा स्वतःचा तळहात बरा. आधी खिडकीशी धरून बघ, मग दिव्याखाली. दोन्हीकडे तो एकाच बाईचा हात वाटला पाहिजे.

दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर मात्र बसवू नकोस, चेहरा भाकरीसारखा सपाट होतो आणि माणूस चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो. बाजूला ठेव, डोळ्यांच्या जरा वर. एवढासा दिवा थेट तोंडावर मारलास तर सुरकुत्या नांगरल्यासारख्या उठतात. त्यापेक्षा तो पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लाव, किंवा पुढे पातळ पांढरं कापड धर, म्हणजे उजेड मऊ होऊन येतो. स्टँडच्या पायाला तुझी पिशवी अडकव, नाहीतर एखाद्या आजीच्या डोक्यात जाईल. बॅटरी एक जादाची घे, कारण दुकानदार सांगतो तितका वेळ ती कधीच टिकत नाही. आणि उजेड कमी-जास्त करायचं चाक असलेलाच दिवा घे, हे महत्त्वाचं. सुरुवात अगदी मंद ठेव आणि गप्पा मारत मारत उजेड वाढव. वाढवताना त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहा. बाहुली आकसत जाते, होता होता मोहरीएवढी होते, आणि तिच्याभोवतीचा रंग उमलून वर येतो. तपकिरी म्हणून सोडून दिलेल्या डोळ्यांत मधाचा रंग निघतो, कधी हिरवी रेघ निघते. फ्लॅशच्या फोटोत हे सापडत नाही. तिथे बाहुलीला आकसायला सवडच मिळत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे असे पाहिले. स्वतःचे पाहायची वेळ कधी आली नव्हती.

ती तुझ्या दिव्यांनी आणली. दुकानदार माझ्या ओळखीचा, जिभेने तिखट पण मनाने मोकळा. दोन दिवे घरी नेऊन वापरून बघा, पटेल तो ठेवा, म्हणाला. आता कोणावर वापरणार? ह्यांना खुर्चीत बसवलं, तर हे पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ, आणि दिवा जरा जवळ आणला की "मी काय गुन्हा कबूल करू?" असं विचारून चहाला उठून गेले. मग मीच बसले. कॅमेरा तिकाटण्यावर, रिमोट मुठीत, दिवा उजव्या हाताला. पहिला फोटो काढला, मोठा करून पाहिला. त्वचेचा रंग छान आला होता. सुरकुत्या होत्या, त्या आहेतच. पण डावा डोळा काळा वाटला. उजव्या डोळ्यात बाहुली मोहरीएवढी, आणि डाव्यात मिरीएवढी. मी काय म्हटलं असेल स्वतःशी? म्हटलं, डावी बाजू सावलीत आहे, म्हणून. दिवा उचलून डाव्या हाताला ठेवला. पुन्हा डावाच. भिंतीवरून उजेड घेतला, कापड धरलं, उजेड पूर्ण वाढवला. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती मिरी मिरीच राहिली. दुसरा दिवा लावला. तेच. आणि तरीही, ऐक गं, इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या माझ्यासारखीला एकच सुचलं, की दिवे बिघडलेले आहेत. चित्र वाईट आलं की आधी उजेडाला दोष द्यायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. एका डोळ्यात दिवा पडतो म्हणून दुसराही आकसतो, दोन्ही डोळे बरोबरच हलतात, हे हजारो चेहऱ्यांत पाहिलेलं मला त्या क्षणी आठवलंच नाही.

दिवे घेऊन मी दुकानात गेले आणि त्याच्याशी चक्क भांडले. तुझे दिवे एकसारखे जळत नाहीत, म्हटलं, एका डोळ्याला जास्त देतात. तो खो खो हसला. "काकू, दिवा कधी पंक्तिप्रपंच करतो का?" म्हणाला. मी हट्टाला पेटले. तेव्हा त्याने तिसरा, दुकानातला सगळ्यात चांगला दिवा काढला, मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः फोटो काढला. मग तोच दिवा तिथेच ठेवून मला त्याचा काढायला लावला. दोन्ही फोटो त्याने पडद्यावर शेजारीशेजारी लावले. त्याचे डोळे अगदी जुळे. माझे तसे नाहीत. भिंगरी, त्यानंतर तो हसला नाही. दिवा पुसायला लागला. पुसून झालेला दिवा पुन्हा पुसायला लागला. मग मान वर न करता म्हणाला, "काकू, दिवे राहू द्या तुमच्याकडेच. आधी एकदा डोळे दाखवून या." असा तोंडाळ माणूस, आणि इतक्या हळू आवाजात बोलला.

घरी येताना मी प्रत्येक काचेत पाहत आले. दुकानांच्या काचेत, उभ्या गाडीच्या आरशात, लिफ्टच्या दारात. लोकांना वाटलं असेल, ही बाई या वयात नटायला लागली. तेव्हापासून मला आरसा सोडवत नाही आणि आरशात बघवतही नाही. पातेल्याच्या बुडातही मी डोळे शोधते. डोकं जरा जड झालं की वाटतं, हेच ते. जरा हलकं वाटलं की वाटतं, ही तर फसवी शांतता. वाकून काही उचलत नाही. जिन्यावर कठडा सोडत नाही. शिंक आली तर ती येऊन जाईपर्यंत जीव मुठीत धरते. हे हसत म्हणाले, "काय गं, पावलं मोजून टाकतेस ती, बाळंतीण आहेस का?" आणि मीही हसले. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. स्वतःच्या मागच्या दुखण्यापासून हे वरवर थट्टा करतात, पण माझं पाऊल वाजलं नाही की खोल्या धुंडाळत येतात. काय आहे ते कळल्याशिवाय ह्यांच्या पायांखालची जमीन मला काढून घ्यायची नाही. फोनवर तुला सांगितलं असतं, पण आमचा फोन तुला माहीत आहे. ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून तो सदा मोठ्या आवाजात, आणि जे ऐकू नये ते मात्र ह्यांना पेपरामागून लख्ख ऐकू येतं. म्हणून हे पत्र. हे दुपारचे जरा आडवे झालेत, मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहिते आहे.

मी एवढी का घाबरले ते तुला वेगळं सांगायला नको. तू होतीस माझ्या शेजारी. शिवणाचा तास होता, आपण रुमालाला किनार घालत होतो, तू माझा दोरा चोरून तुझ्या सुईत ओवला होतास आणि मी तुला चिमटा काढायच्या बेतात होते. दारात मदर येऊन उभ्या राहिल्या. मदर कधी वर्गात येत नसत. त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं आणि मला कळलं की काहीतरी संपलं. आईने ओट्याशी उभं राहून "डोकं फार दुखतंय गं" एवढंच शेजारणीला म्हटलं होतं आणि तिथेच बसली होती. डोक्यातली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली, असं पुढे कधीतरी बाबांनी सांगितलं, तेही एकदाच. तू त्या दिवशी माझी पेटी भरून दिलीस आणि तुझा अर्धा शिवलेला रुमाल माझ्या हातात कोंबलास. दुसऱ्या कोणाला हे सगळं नव्याने सांगावं लागेल. तुला नुसतं 'आईसारखंच' म्हटलं की पुढचं कळेल.

डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई आपल्या मुलींपेक्षाही लहान, पण शांत. टॉर्च या डोळ्यात, त्या डोळ्यात, पुन्हा या डोळ्यात. वर बघा, खाली बघा, माझ्या बोटाकडे बघा. एकाची दोन दिसतात का, पापणी जड होते का, डोकं दुखतं का? सगळ्याला मी नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. मग तिने आईचं विचारलं, घरात कोणाला असं काही झालं होतं का म्हणून. मी सांगितलं. तिचं लिहिणारं पेन थांबलं नाही, पण जरा सावकाश झालं. ती म्हणाली, "हे दोन गोष्टींपैकी काहीही असू शकतं, काकू. पुष्कळ माणसांच्या बाहुल्या जन्मापासून लहानमोठ्या असतात, त्यांना म्हातारपणापर्यंत पत्ता नसतो. किंवा मग आत डोळ्याच्या नसेवर एखादी फुगलेली रक्तवाहिनी दाब देत असेल." पुढच्या आठवड्यात डोक्याचा स्कॅन ठरवून दिला. डोकं एकाएकी फुटायला लागलं किंवा पापणी खाली आली, तर लागलीच निघून या, म्हणाली. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "तुमचा एखादा जुना फोटो आहे का? तरुणपणचा, जवळून काढलेला, डोळे स्पष्ट दिसतील असा? तेव्हाही हे असंच असेल तर अर्धी काळजी तिथेच मिटली." मला वाटलं, देव पावला. म्हटलं, बाई गं, मी फोटोवाल्याची लेक आणि स्वतः फोटोवाली. फोटोंना काय तोटा!

घरी येऊन सगळे अल्बम काढले, खोकी उपसली, भिंग घेऊन बसले. हे म्हणाले, "काय, प्रदर्शन भरवतेस?" भिंगरी, तुला विश्वास वाटणार नाही, पण मी जवळजवळ कुठे नाहीच. कॅमेऱ्यामागे उभी राहिलेली बाई तिच्याच घरच्या अल्बममध्ये नसते. सहलीचे फोटो आहेत, त्यांत मी नाही, माझी सावली आहे गवतावर पडलेली. मुलींच्या वाढदिवसांना आरशात कॅमेरा दिसतो, चेहरा दिसत नाही. लग्नाच्या फोटोंत मान खाली. घोळक्यात आहे तिथे डोळे म्हणजे टाचणीची टोकं. मग हाती लागले बाबांनी स्टुडिओत काढलेले माझे फोटो, चांगले मोठे, दरवर्षी एक. मी भिंग लावलं, आणि कळायला क्षणभर लागला. बाबा कसे काम करायचे ते तू पाहिलंस. उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, अणकुचीदार पेन्सिल आणि खरवडायचं बारीक पातं घेऊन तासन्‌तास. पुटकुळी घालवायचे, गाल भरायचे, आणि शेवटी डोळे. गिऱ्हाईक कोणीही असो, दोन्ही बाहुल्या गोल, काळ्या, सारख्या करायच्या आणि त्यांत पांढरा ठिपका सोडायचा. डोळ्यांत जीव घालणं म्हणायचे त्याला. माझ्या प्रत्येक फोटोत त्यांनी जीव घातला आहे. भिंगातून पेन्सिलीचे कण दिसतात. खाली काय होतं ते गेलं. त्यांना काही वेगळं दिसलं म्हणून त्यांनी ते सारखं केलं, की नुसत्या सवयीने हात फिरला? विचारायचं कोणाला? आणि त्यांचीच लेक मी, माझ्या ओळखपत्रांचे फोटोही मी स्वतःच तसे सारखे करून दिलेले. मग मी भिंतीवरच्या आईच्या फोटोपाशी स्टूल नेलं. तिचे डोळे किती सुंदर आहेत म्हणून लोक अजून थबकतात. दोन्ही सारखे. गोल, काळे, पांढऱ्या ठिपक्याचे. मी भिंग बाजूला ठेवलं आणि स्टुलावरच बसून राहिले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. हॉस्टेलच्या हॉलमध्ये स्लाइड दाखवायचं ते यंत्र होतं, आठवतं? पडदा उतरवायला सगळे गेले होते आणि दिवा चालू राहिला होता. तू माझ्या गळ्यातला बाबांचा कॅमेरा काढून घेतलास. "सारखी दुसऱ्यांना बसवतेस, आज तू बस," म्हणालीस, आणि मला त्या झोताच्या ऐन तोंडाशी उभं करून अगदी नाकाला कॅमेरा लावलास. मी इतकी भेदरले होते की पापणी लवली नाही. तो फोटो भयानक आला होता, पुटकुळ्या, फाटके ओठ, खाटिकखान्यातल्या शेळीसारखे डोळे. फाडून टाक म्हणून मी तुझ्या पाया पडले, तू दिला नाहीस. त्यावर बाबांची पेन्सिल कधी फिरली नाही. माझा असा तो एकच. भिंगरी, तो तुझ्याकडे अजून असला तर शोध. नसला तरी कळव, पण आधी शोध. सापडला की मला पाठवू नकोस, मला तो पहिल्यांदा बघायचं धाडस नाही. तू बघ. खिडकीशी जा, भिंग घे, घाई करू नकोस, दोन्ही डोळे नीट बघ. तेव्हाही ते वेगळेच असले तर लगेच फोन कर आणि मोठ्याने सांग, हे ऐकेनात का, ऐकू देत. आणि सारखे असले, तर फोन करू नकोस. ये.

तुझीच,
भागूबाई